घाटाला घाई मानवत नाही

मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला सह्याद्री फार वेळ वाट पाहायला लावत नाही. पनवेल मागे पडते, भाताण आणि माडपचे बोगदे येऊन जातात आणि खालापूरचा टोलनाका ओलांडला की समोर निळसर काळी भिंत उभी राहते. तोवर सपाटीवर धावणारी गाडी आता चढू लागते. पावसाळ्यात या भिंतीवरून जागोजागी पांढऱ्या धारा कोसळत असतात, ढग रस्त्यावर उतरलेले असतात आणि डाव्या-उजव्या खिडकीसाठी मागच्या आसनावरच्या मुलांची भांडणे सुरू झालेली असतात. हाच तो बोरघाट. कुणी त्याला खंडाळ्याचा घाट म्हणते, तर कुणी नुसते ‘घाट’ म्हणून मोकळे होते.

महाराष्ट्रात घाट पुष्कळ आहेत, पण इतका वापरलेला, इतका ओळखीचा आणि तरीही इतका गृहीत धरलेला घाट दुसरा नसेल. याच एका डोंगरातून आज जुना महामार्ग जातो, रेल्वे जाते आणि द्रुतगती मार्गही जातो. डोंगर एक, उतार एक, पण तिन्ही वाटांची शिस्त मात्र वेगवेगळी. ती जवळून पाहिली, की ‘वेगमर्यादा पाळा’ हे वाक्य फलकावरच्या नुसत्या उपदेशासारखे वाटेनासे होते.

शिंगरोबाची वाट

कोकण आणि देश यांना जोडणारी ही वाट फार जुनी. माणसे आणि लमाणांचे बैल येथून चढत-उतरत असत. चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता मात्र १८३० साली खुला झाला. सर जॉन माल्कम तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. त्या काळी या रस्त्याचे मोठे कौतुक झाले, कारण मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये उभा असलेला डोंगर चाकावर बसून ओलांडता येऊ लागला होता.

जुन्या रस्त्याने गेलात तर घाटात शिंगरोबाचे छोटेसे देऊळ लागते. शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून इंग्रजांना घाटाचा मार्ग दाखवला आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका आहे. तिचा कागदोपत्री पुरावा शोधायला कुणी जात नाही. पण ट्रकचालक येथे गाडी हळू करतात, नाणे टाकतात, हात जोडतात आणि मगच पुढे जातात.

या प्रथेकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहू नये. घाट उतरायच्या आधी वेग कमी करायचा, क्षणभर मन ठिकाणावर आणायचे आणि आपण आता वेगळ्या रस्त्यावर आहोत याची स्वतःला आठवण द्यायची, हे सारे त्या एका नाण्यात आले. द्रुतगती मार्गावर शिंगरोबा नाही. तेथे त्याचे काम एका गोल फलकावर सोपवले आहे आणि त्या फलकाला हात जोडणारे कुणी नाही.

जेथे रेल्वे थांबते

रेल्वेने हा डोंगर १८६३ साली जिंकला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग त्या काळातील एक अवघड काम समजला जाई. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे चालवले. चढ ३७ फुटांना १ फूट असा. ऐकायला फार वाटत नाही, पण लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या लोखंडी चाकांना हा चढ जबरदस्त ठरतो.

रेल्वेने त्यावर जे उपाय केले ते मुळातच पाहण्यासारखे आहेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. प्रवासी फलाटावर उतरून वडापाव घेत असतात, तेवढ्या वेळात हे काम उरकते. आपल्याला वाटते, गाडी वडापावसाठीच थांबली!

पण खरी गंमत उतारावर आहे. पुण्याहून मुंबईकडे येणारी गाडी खंडाळा सोडून घाट उतरू लागली, की मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते. तेथे ना गाव, ना उतारू. नवखा प्रवासी वैतागून घड्याळ पाहतो. हे थांबे असतात ब्रेक नीट लागतो की नाही याची खात्री करून घेण्यासाठी. शिवाय मार्गात ‘कॅच सायडिंग’ ठेवलेले आहे. म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा रुळांचा एक आंधळा फाटा. उतरणारी गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली तरच तिला पुढचा मार्ग मिळतो. ती सुटलीच, तर या फाट्यावर जाऊन चढामुळे आपोआप थांबावी अशी योजना आहे.

विचार करा, वाचकहो. तयारीचा चालक, सोबत गार्ड, ठरलेले सिग्नल, आपला स्वतंत्र मार्ग आणि समोरून कुणी येण्याची भीती नाही. इतके सगळे असूनही रेल्वे या उतारावर स्वतःवर विश्वास टाकून मोकळी होत नाही. ती थांबते, तपासते आणि मग उतरते. दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवाने आलेले हे शहाणपण आहे. त्याच डोंगरावर, त्याच उताराला, सकाळी घाईत निघालेला मोटारचालक मात्र एका हातात मोबाईल धरून शंभराच्या वेगाने वळण घेतो.

सरळ रस्त्याचा मोह

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. जाण्यासाठी तीन आणि येण्यासाठी तीन मार्गिका, मध्ये दुभाजक, सिमेंट काँक्रीटचा पृष्ठभाग, दुचाकी आणि रिक्षांना बंदी. देशातला अशा प्रकारचा हा पहिलाच रस्ता. लांबी ९४.५ किलोमीटर. पूर्वी घाटात अडकून चार-पाच तास घालवलेल्या पिढीला हा रस्ता म्हणजे चमत्कार वाटला, आणि तो होताच.

पण चांगल्या रस्त्याचा एक दोष असतो. तो वेग जाणवू देत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर साठचा वेगही अंगावर येतो. येथे काचा बंद, गाणी सुरू, गारवा सुरू आणि काटा एकशेवीसवर गेला तरी पोटातले पाणी हलत नाही. अर्धा तास सपाटीवर असे गेल्यावर माणसाचे डोळे त्या वेगाला सरावतात. मग घाट लागतो तेव्हा ऐंशीचा वेगही गोगलगायीसारखा वाटू लागतो. घाटातली चूक ही अशी घाटाच्या आधीच सुरू झालेली असते.

त्यातून घाटाचा काही भाग असा आहे, की तेथे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. दोन रस्त्यांची वाहने एका रस्त्यावर. ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल याच भागात होता. त्याच्या खांबांमुळे रस्ता आवळला जाई. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात रस्ते रिकामे असताना, तो पाडण्यात आला. पूल गेला, पण वळणे आणि उतार तेथेच आहेत.

या मार्गाने मराठी माणसांच्या मनावर काही जखमाही केल्या आहेत. २००१ च्या फेब्रुवारीत अभिनेत्री भक्ती बर्वे येथल्या अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन कलावंत आणि पेंडसे यांचा लहानगा मुलगा गेला. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. गेलेल्यांचा त्यात दोष असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुणाचा असतो. म्हणूनच वेग ही खासगी बाब उरत नाही.

थोडे गणित, घरच्या घरी

‘मला माझ्या गाडीचा अंदाज आहे’ असे प्रत्येक चालक म्हणतो. तो अंदाज एकदा कागदावर करून पाहू.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २८ मीटर गेले. मग कोरडा रस्ता, चांगले टायर आणि उत्तम ब्रेक असे सगळे धरून आणखी सुमारे ५५ मीटर. एकूण ८३ मीटर.

आता वेग १२० करा. वाढ फक्त वीसची. पण गाडी थांबायला सुमारे ११३ मीटर लागतात. याचा अर्थ नीट पाहा. शंभराने येणारी गाडी ज्या जागी अडथळ्यापुढे जेमतेम थांबली, तेथे एकशेवीसने येणारी गाडी थांबलेली तर नसतेच, उलट अजून सत्तरहून अधिक वेगाने धावत असते. पहिल्या गाडीतल्या माणसांच्या छातीत धडकी भरते, दुसरीतली माणसे रुग्णालयात पोहोचतात किंवा तेथवरही पोहोचत नाहीत. मधला फरक तेवढ्याच विसाचा.

असे का होते? कारण वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. साठच्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून पडण्यासारखे. शंभराने आदळणे म्हणजे सुमारे ३९ मीटरवरून, तेरा मजल्यांवरून. आणि एकशेवीसने? १८-१९ मजल्यांवरून. कोणताही बाप आपल्या मुलाला अठराव्या मजल्याच्या उघड्या कठड्यावर बसवणार नाही. मोटारीत मात्र तो त्याला पट्टा न लावता मागच्या आसनावर उभे राहू देतो आणि काटा एकशेवीसवर नेतो.

बरे, यातून मिळते काय? अगदी उदार मनाने धरू, की ९४.५ किलोमीटर अंतर सलग एकाच वेगाने कापता आले. शंभराने ५७ मिनिटे लागतील, एकशेवीसने ४७. वाचली दहा मिनिटे. ती टोलनाक्यावरच्या रांगेत, चहाच्या ठेल्यावर किंवा शहरातल्या पहिल्याच सिग्नलला संपतात. घाटाचे दहा किलोमीटर साठऐवजी ऐंशीने काढले, तर अडीच मिनिटे वाचतात. अडीच मिनिटांत चहादेखील धड उकळत नाही.

उतार आणि तापलेले ब्रेक

चढावर इंजिन दमते, उतारावर ब्रेक दमतात. दमलेले इंजिन फार तर गाडी थांबवते. दमलेले ब्रेक गाडी थांबू देत नाहीत.

पंधरा टन वजनाचा भरलेला ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतो तेव्हा तो सुमारे पाचशे मीटर खाली येतो. वेग वाढू द्यायचा नसेल, तर या उतरण्यातली सारी शक्ती कुठे तरी जिरवावी लागते. ती उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता किती? साधारण २३० लिटर पाणी उकळण्याइतकी, म्हणजे मोठे पिंप भरून. चालक खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा भार इंजिन पेलते. त्याने डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली असेल, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात, त्यांची पकड सुटते आणि पायाखाली पेडल असूनही गाडी ऐकेनाशी होते. ‘ब्रेक फेल’ अशी बातमी आपण वाचतो. पुष्कळदा ब्रेक आपणहून निकामी झालेले नसतात, ते आधीच्या काही किलोमीटरमध्ये जाळलेले असतात.

घाटाखाली चहाला थांबलेल्या एका प्रौढ ट्रकचालकाशी बोलणे झाले. वीस-बावीस वर्षे तो हाच घाट करतो. त्याचा हिशेब सोपा होता. “साहेब, ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. मालक डिझेलचं विचारतो, पण पोरं घरी वाट बघतात, ती डिझेलचं विचारत नाहीत.” मोटारवाल्यांबद्दल तो फारसे चांगले बोलला नाही. त्याचे म्हणणे असे, की भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही हे मोटारवाल्यांना ठाऊकच नसते. ते डावीकडून घुसतात, पुढे येऊन ब्रेक दाबतात आणि मग ट्रकवाल्याला शिव्या देतात.

त्याची तक्रार खोटी नाही. तशीच दुसऱ्या बाजूची तक्रारही खोटी नाही. उजव्या मार्गिकेत रांगत चढणारा ट्रक मागच्या मोटारींना डावीकडून घुसायला जणू आमंत्रणच देतो. वेगमर्यादा पाळणे म्हणजे सर्वांत उजव्या मार्गिकेत आरामात चालणे नव्हे. जड वाहनांनी डावीकडे राहावे, मोटारींनी ओलांडून झाले की उजवी मार्गिका मोकळी करावी. वेग आणि मार्गिका या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत.

कॅमेरा आणि कायदा

द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा घातलेली आहे. जड वाहनांना त्याहून कमी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मर्यादा ओलांडणाऱ्या हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा बसली आणि चलन थेट मोबाईलवर येऊ लागले.

त्यावर लोकांची कुरकूर पुष्कळ. ‘सरकारला पैसे हवेत’ हे त्यातले आवडते वाक्य. या कुरकुरीत तथ्य असेल तर तेवढेच, की मर्यादा बदलते तेथे फलक ठळक आणि पुरेसा आधी हवा, आणि चुकीचे चलन दुरुस्त करून घेणे सोपे हवे. ही मागणी जरूर करावी. पण दंडाच्या रागापायी मर्यादेचे कारण विसरू नये.

कारण आकडे बोलके आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरच्या अपघातांत मरण पावली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो.

आणि चित्र बदलू शकते, हेही याच रस्त्याने दाखवले आहे. २०१६ मध्ये या एका मार्गावर १५१ जणांचे प्राण गेले. त्या वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन यांनी ‘शून्य मृत्यू’ हे उद्दिष्ट ठेवून काम सुरू केले. उघडे कठडे आणि खांब झाकले, धोक्याच्या जागा शोधल्या, बेशिस्तीवर लक्ष ठेवले, मदत लवकर पोहोचेल असे पाहिले. २०१९ मध्ये हा आकडा ९२ वर आला. शून्य अजून दूर आहे. पण घाट तोच, माणसे तीच, तरी मृत्यू घटतात, म्हणजे अपघात हे काही नशिबाचे लेणे नव्हे.

घरच्या माणसांचे काम

हा विषय एकट्या चालकाचा नाही. गाडीत बसलेल्या सर्वांचा आहे. आपल्याकडे मात्र चालवणाऱ्याला टोकणे म्हणजे त्याचा अपमान समजतात. सासरेबुवा सुसाट निघाले तर सून गप्प बसते. मित्र निघाला तर बाकीचे हसतात. मुले तर ‘बाबा, त्या गाडीला मागे टाका ना!’ म्हणून आणखी चेव आणतात. हे सारे बदलायला हवे. काटा मर्यादेच्या पुढे गेला की तो मोठ्याने वाचण्याचे काम मुलांवर सोपवावे. मुले हे काम फार इमानाने करतात.

निघण्याआधी टायर पाहावेत. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला किंवा कमी हवेचा टायर सलग वेगात फुटू शकतो. मागच्या आसनावरही पट्टा लावावा. घाटाच्या आधी पाच मिनिटे थांबून पाय मोकळे करावेत, म्हणजे सपाटीच्या वेगाला सरावलेले डोळे ताळ्यावर येतात. पावसात आणि धुक्यात साठ हा आकडासुद्धा जास्त आहे, हे लक्षात ठेवावे. मर्यादा म्हणजे गाठायचे लक्ष्य नव्हे. आणि पुण्यात किंवा मुंबईत वाट पाहणाऱ्यांनी ‘अजून कुठे आहात?’ असा फोन दर दहा मिनिटांनी करू नये. त्या फोनने प्रेम पोहोचते, पण चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर अधिक जोराने पडतो.

घाट सावकाश चढला तर आणखी एक लाभ होतो. तो दिसतो. नागफणीचे टोक, राजमाचीकडची दरी, खाली खोपोलीच्या वीजघराकडे उतरणारे टाटांचे नळ, पलीकडच्या डोंगराच्या कुशीतून बोगद्यात शिरणारी इवलीशी रेल्वेगाडी. या सगळ्यासाठीच तर लोक सुटी काढून, पैसे खर्चून येथे येतात. आणि येतात तेव्हा तो भाग डोळ्यांची पापणी लवण्याइतक्या वेळात मागे टाकतात!

डोंगराला कुणाच्या कचेरीची वेळ ठाऊक नसते. पुढच्या खेपेला खालापूर सुटून गाडी चढाला लागली, की पाय थोडा सैल सोडा, डावीकडे या आणि काच खाली करा. ओल्या मातीचा वास आत येईल. लोणावळ्याची चिक्की अडीच मिनिटे उशिरा घेतली तरी तितकीच गोड लागते.